रविवारी दहाच्या आत खाली

॥ श्री ॥

शंकर नगर, रायपूर
२६ नोव्हेंबर २०००

ती. सौ. रमाताईले,

शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि. तुझी आणि जिजाजींची तब्येत बरी असन. मी अन् पद्मिनी मजेत आहो, निदान कोणी विचारलं तर तसंच सांगतो.

ताई, आपलं रायपूर राजधानी झालं ना, तर सारं गाव मकान शोधून राहिलं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांचे बाबू आले, बाबूंच्या सामानाचे ट्रक आले, अन् राह्यले जागा कुठं आहे? आमच्या गल्लीत चांगल्या चांगल्या घरांवर सरकारी पाट्या लागल्या. माझा न्हावी दाढी करता करता विचारते की भैया, वरचा मजला किरायानं देता का. चौकातला पानवालाही दलाली करून राहिला. पान लावाले त्याले फुरसत नाही बाप्पा.

आता खरी गोष्ट सांगतो. आपला भार्गव दिवाळीत पुण्याहून आला होता. त्याचं म्हणणं, घराले आज जो भाव आहे तो उद्या राहणार नाही, विकून टाका अन् माझ्यापाशी पुण्याले या. एक गिऱ्हाईकही त्यानं पाहून ठेवलं, इथलाच एक बिल्डर. मी म्हटलं, वरचा मजला किरायानं देतो, पेन्शनीले जोड होईन, आम्ही इथंच बरे. तर पोट्टा म्हणते की बाबा, तुम्हाले भाजीवालीशी भाव करता येत नाही, तुम्ही भाडेकरू काय सांभाळान? तो एकदा घरात बसला की उठणार नाही, अन् तुम्ही म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहान. पद्मिनी त्याच्या बाजूनं बोलली नाही, पण माझ्या बाजूनंही बोलली नाही. शेवटी असं ठरलं की चैत्रापर्यंत मी वरचा मजला चालवून दाखवायचा. जमलं तर घर राहिलं, नाही तर विक्रीच्या कागदावर सही.

मले पुण्याले जायचं नाही ताई. गुढियारीले रेल्वेच्या मालधक्क्यावर सारी नोकरी उन्हात काढली तेव्हा हे घर उभं झालं. सकाळी फाटक उघडून उभा राह्यलो की येणारा-जाणारा राम राम करते. पुण्यात मले कोण ओळखते? भार्गवच्या सोसायटीचा चौकीदार तेवढा, तोही दर वेळी नाव विचारते.

तू नाशकात चार बिऱ्हाडं सांभाळतेस, एकाचीही तुझ्यापुढं आवाज चढवाची हिंमत नाही. मले शिकव. फोनवर सांगू नको, फोन ठेवला की मी विसरतो. लिहून पाठव.

जिजाजींना नमस्कार. कळावे. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा
शालिग्राम

॥ श्री ॥

नाशिक
८ डिसेंबर २०००

चि. शालिग्रामास,

रमाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘शोधून राहिलं, करून राहिला’ ऐकून हे विचारत होते की रायपुरात कोणी काम पुरं करतं की नाही. मी सांगितलं, माझा भाऊ करतो, फक्त त्याच्या मागे उभं राहावं लागतं.

तर आता उभी आहे. नीट वाच, आणि पद्मिनीलाही वाचायला दे. तिला तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

राजधानी झाली म्हणून हावरटपणा करू नकोस. तुझ्या आकड्याच्या वर चढवून बोलणारा कोणी आला तर त्याला चहा दे आणि वाटेला लाव. ज्याला भाडं द्यायचंच नसतं, त्याला आकडा कितीही मोठा बोलायला काय जातं? माझ्याकडे असा एक होता, त्याचं कपाट अजून माझ्या जिन्यात पडलंय. माणसाची चौकशी करायची तर त्याच्या जुन्या घरमालकाकडे करू नकोस. ब्याद टळावी म्हणून तो गोडच सांगेल. जुन्या शेजाऱ्याला विचार. आणि घर दाखवताना नवरा काय बोलतो इकडे लक्ष देऊ नकोस, बायको काय बघते ते बघ. जी दिवाणखान्याच्या फरशीवर खूश होते ती सहा महिन्यांत दुसरीकडे जाते. जी नळ सोडून पाणी बघते, तिला राहायचं असतं.

विजेचं मीटर वेगळं घे, नाहीतर पंख्यावरून मैत्री तुटते. करार अकरा महिन्यांचा, स्टँप पेपरवर, दोन्ही बाजूंनी महिन्याची नोटीस. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दे. लाजू नकोस, सज्जन माणसाला त्याचा राग येत नाही. दोन महिन्यांची अनामत घे आणि ती पोस्टात ठेवून विसरून जा, ती तुझी नाही. आणि वर्षाचा हिशेब करताना दहाच महिन्यांचं भाडं धर, बाराचं नाही. एक महिना घर रिकामं पडतं, एका महिन्याचे पैसे नळ, गळती आणि रंगवाला खातो. हे भार्गवला मुद्दाम सांग. त्याला वाटेल बापाला काहीतरी कळतं.

छत गळलं तर भाडेकरूनं सांगायची वाट पाहू नकोस. छत तुझं आहे. ते दुरुस्त करणं म्हणजे उपकार नव्हे, हे ज्या मालकाला उमगलं त्याच्याकडे माणसं टिकतात. आणि काही झालं तरी नातेवाइकाला घर देऊ नकोस, अगदी पद्मिनीच्या माहेरच्यांनाही. हे वाक्य तिला दाखवू नकोस.

घाबरू नकोस रे. घर तुझं आहे. तुझी बहीण अजून जागी आहे, हेही लक्षात असू दे. पत्राला उशीर झाला तरी लोभाला नको.

तुझी
ताई

॥ श्री ॥

रायपूर
२१ जानेवारी २००१

ती. सौ. रमाताईले,

शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि. ते वाक्य पद्मिनीनं आधीच वाचलं होतं. तिनं तुले नमस्कार सांगितला आहे, पण जरा कोरडा.

बाकी तुझी विद्या कामाले आली. एक सफारी सूटवाले साहेब आले, माझ्या दुप्पट किराया बोलले, कंपनीचं गेस्ट हाऊस करायचं म्हणे. मी चहा दिला अन् रस्ता दाखवला. एवढा आकडा मी पगारातही कधी पाह्यला नाही. मग एक बाई आल्या, फरशी पाहून खूश. त्यांनाही चहा. पद्मिनी म्हणाली, ताईंच्या सल्ल्यानं चहापत्तीचाच खर्च होऊन राहिला.

मग सुशील अन् सोनिया आले. नवं लग्न. तो नव्या मंत्रालयात बाबू आहे, भोपाळहून बदलून आला. आजोबा अमरावतीचे, पण पोट्टा भोपाळात वाढला. मराठी सारं समजते, बोलते मात्र हिंदी. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत सांगते, दोघांचंही अडत नाही. सोनियानं आल्याबरोबर सैपाकघरातला नळ सोडला, मग गच्चीवर चढून टाकीचं झाकण उघडून आत पाह्यलं. पद्मिनीनं मले तिथंच कोपरानं खुणावलं. माझ्याबरोबर मालधक्क्यावर होता तो पांडुरंग आता भोपाळात असते. त्याले त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांकडे पाठवलं. शेजारीण म्हणाली, माणसं भली आहेत, नवरा सकाळी गाते तेवढं सोडून. तर झालं. मीटर लागलं, करार झाला, अनामत पोस्टात गेली.

सुशील खरंच गाते ताई. वाईट गाते. पण घरात आवाज आला.

मी रोज संध्याकाळी वर जाऊन विचारून येतो, पाणी आलं का, गॅस मिळाला का. जिन्यातला बल्ब गेला होता, मी माझा लावून दिला. मी गेलो की बिचारा सुशील घाईघाईनं शर्ट घालते अन् उभाच राहते. पद्मिनी म्हणते, तुम्ही मालक झाले नाही, सासरे झाले. आणखी एक. दलाल लोक अजून फाटकाशी येऊन उभे राहते, घर केव्हा विकता म्हणून विचारते. सुशील येता-जाता ऐकते, बोलत काही नाही.

चूक होत असन तर कान धर. माणूस दूर असला तरी कान जवळच आहे असं समजून लोभ ठेवावा.

तुझा
शालिग्राम

॥ श्री ॥

नाशिक
२ फेब्रुवारी २००१

चि. शालिग्रामास,

रमाचे आशीर्वाद. भाडेकरू छान मिळवलास, शाबास. आता त्याला छळू नकोस.

अरे, दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन आलेला माणूस घरी बनियनवर बसतो, त्यासाठीच भाडं देतो. आणि तू रोज वर जाऊन त्याला शर्ट घालायला लावतोस! आजपासून तुझं वर जाणं बंद. भाडं घेतलंस की ते घर त्याचं, तुला तिथे बोलावल्याशिवाय जागा नाही. काम असेल तर चिठ्ठी लिही आणि त्याला खाली बोलाव.

पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. तुझी मला माहीत आहे, ‘विनंती विशेष’पासून सुरू होऊन हवापाण्यावर जाते. घरमालकाच्या चिठ्ठीत कोण, केव्हा आणि कुठे, एवढंच. त्याच्यापुढे एक अक्षर लिहिलंस की समोरचा तुझ्या डोक्यावर बसलाच म्हणून समज. आणि लिही आपल्या मराठीत. समजतं म्हणतो ना तो? मग वाचेल.

सणासुदीला मात्र बोलावत जा. रोज चौकशी केली तर माणूस संकोचतो, सणाला बोलावलं तर शेजारी होतो. पद्मिनीला म्हणावं कोरडा नमस्कार पोचला, आता ओला पाठव.

भार्गव कधी येतोय ते कळव. काळजी माझ्यावर सोड, आणि ममत्व आहे तसंच राहू दे.

तुझी
ताई

॥ श्री ॥

रायपूर
३ एप्रिल २००१

ती. सौ. रमाताईले,

शि. सा. न. वि. वि. ताई, तू आधी बस. पाणी पी. मग वाच.

भार्गव शुक्रवारी आला. शनिवारी तो बिल्डर आला अन् माणसं घेऊन सीधा गच्चीवर गेला. सोनिया कपडे वाळत घालून राहिली होती, तिच्या साड्यांच्या मधून ते टेप लावून मोजत फिरले. मले फार वाईट वाटलं, पण ठरल्याप्रमाणं चैत्र आला होता, बोलू काय? भार्गवचं म्हणणं, दोन-तीन महिने किराया आला म्हणजे जमलं असं नाही. रविवारी दुपारी बिल्डर पक्कं विचाराले येणार होता.

पद्मिनीनं मनात काही धरलं होतं. ती म्हणाली की भार्गवनं भाडेकरू कागदावरच पाह्यले, त्याच्यासमोर एकदा बसू तर द्या. चैत्राचं निमित्त आहेच. आंब्याची डाळ करते, पन्हं करते, संगं पोहे. मले एकदम हुरूप आला. शनिवारी संध्याकाळी चिठ्ठी लिहाले बसलो. चांगली पानभर झाली होती, आग्रहाचं निमंत्रण वगैरे. मग तुझी आठवण आली. फाडली. कोण, केव्हा, कुठे. नवी लिहिली ती अशी:

“रविवारी सकाळी दहाच्या आत खाली. दोघांनीही. शालिग्राम.”

वरच्या दाराच्या कडीत अडकवून आलो. मनात म्हटलं, ताईनं पाह्यलं असतं तर पाठ थोपटली असती.

रविवारी सकाळी वर सामान सरकवल्याचा आवाज येऊन राहिला. पद्मिनी म्हणाली, सोनिया झाडझूड करत असन. मी गुळाचं पन्हं गाळून राहिलो होतो. तेवढ्यात जिन्यावरून आधी पलंग उतरला, मग गादीची वळकटी, मग सिलिंडर. फाटकाशी पाहतो तर ठेला उभा! मागून सुशील आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या मागं सोनिया, डोळे लाल. त्यानं चावी माझ्यापुढं टेबलावर ठेवली, डाळीच्या वाडग्यापाशी, अन् हिंदीत म्हणाला की जिन्यातला बल्ब तुमचा होता, तो तसाच लावलेला ठेवला आहे.

 मी विचारलं, काहून रे बाबा, काय झालं? त्यानं खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. मी वाचली. मले तिच्यात काही वावगं दिसलं नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवली, तर तो मान हलवते, जी हां, यही. पद्मिनीनं वाचली, तिलेही काही समजलं नाही. मग भार्गवनं हातात घेतली, एकदा वाचली, अन् जिन्याच्या पायरीवर खाली बसून जो हसाले लागला तो थांबेचना. मले रागच आला. माझं घर मोडून राहिलं अन् पोट्ट्याले हसू येते!

हसता हसता त्यानं सांगितलं की बाबा, ही चिठ्ठी हिंदीत वाचा.

ताई, समजलं का तुले? आपलं खाली म्हणजे जिन्याखाली. त्याचं खाली म्हणजे मकान खाली करो! रविवारी सकाळी दहाच्या आत, दोघांनीही! शनिवारी गच्ची मोजली, संध्याकाळी ही चिठ्ठी. बिचाऱ्यानं दुसरं समजायचं तरी काय? अन् मी, ज्यानं मालधक्क्यावर उभं राहून सारी जिंदगी ‘वॅगन खाली, वॅगन खाली’ म्हणून बोंबा मारल्या, त्या माझ्या ध्यानात येऊ नये!

मी सुशीलचे हातच धरले. पद्मिनीनं सोनियाले पोटाशी घेतलं, मग दोघी रडल्या. मी पण रडलो, काहून लपवू. ठेलेवाला विचारून राहिला की भरायचं की उतरवायचं. त्यालेही पोहे दिले.

मग भार्गवनं सुशीलले एक गोष्ट विचारली. करारात महिन्याची नोटीस आहे, कायदा तुझ्या बाजूनं आहे, तू भांडला काहून नाही? सुशील खाली पाहून म्हणाला की अंकलजी आजवर देऊनच राह्यले, त्यांनी मागितलं काही नाही. पहिल्यांदाच काही मागितलं, तर नाही कसं म्हणायचं. जाणार कुठं होते, तर गुढियारीत एका सोबत्याच्या एका खोलीत.  भार्गव उठला, सिलिंडर खांद्यावर घेतला अन् वर चढला. पलंग मग आम्ही तिघांनी नेला.

दुपारी बिल्डर आला तेव्हा अर्धं सामान जिन्यातच होतं. त्याले वाटलं घर रिकामं होऊन राहिलं, तो खूश. भार्गवनं त्याले नंतर कळवतो म्हणून बाहेरूनच वाटेले लावलं. अन् सोमवारी पोट्टा गाडीत बसून चाललाही गेला. विकायचं की ठेवायचं, एक शब्द बोलला नाही. ताई, माझा जीव टांगणीले लागला आहे. फोन वाजला की पद्मिनीले उचलाले सांगतो. असा मालक पाह्यला का तू कुठं?

रागावली असशील तर रागव, पण लोभाची कडी आतून लावून घेऊ नको.

तुझा
शालिग्राम

नाशिक
१० एप्रिल २००१

चि. शालिग्रामास,

आशीर्वाद. हे कार्डच पाठवतेय, कारण मोठं पत्र लिहायला बसले की हसू येतं आणि शाई सांडते. ह्यांनी तर तुझी चिठ्ठी पाठ केली आहे, येईल त्याला म्हणून दाखवतात.

कोण, केव्हा, कुठे हे सांगताना ‘कशासाठी’ सांगायचं माझ्याकडून राहिलं. जेवायला बोलवायचं तर पानभर लिहीत जा बाबा, माझं ऐकू नकोस. सोनियाला एक पातळ घे, माझ्यातर्फे.

भार्गवला मी वेगळं पत्र टाकलंय. त्याला विचारलंय की असा भाडेकरू मला चार बिऱ्हाडांत मिळाला नाही, तुझ्या बापाला पहिल्याच फटक्यात मिळाला, आता तुझं म्हणणं काय ते सांग. धीर धर. माया आहेच, ती काही अकरा महिन्यांची नाही.

ताई

॥ श्री ॥

पुणे
१९ एप्रिल २००१

ती. सौ. रमाआत्यास,

भार्गवचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस तसं कुणी विचारलं की माणसानं खरं सांगून मोकळं व्हावं.

आत्या, मला भीती फक्त एका गोष्टीची होती. कोणीतरी आई-बाबांच्या घरात घुसेल, त्यांचा भोळेपणा ओळखेल आणि निघणार नाही. ऑफिसात असे किस्से रोज ऐकतो. आणि त्या रविवारी मी काय पाहिलं, तर बाबांच्या एका चुकलेल्या शब्दावर दोन माणसं रातोरात सामान बांधून निघाली. कायदा हातात असून निघाली. हे बाबांनी कसं केलं, मला कळलेलं नाही. ते रोज वर जाऊन पाणी आलं का विचारत होते, एवढंच आई सांगते. तू ते बंद करायला लावलंस, ते तुझं बरोबरच असेल. पण मला वाटतं ते आधीचे काही दिवस कामाला आले.

सोमवारी स्टेशनवर मी नेहमीचं बोललो. म्हटलं, पुण्यात तुमच्यासाठी खोली तयार आहे, बाल्कनी आहे, ऊन येतं. बाबांनी विचारलं, भाडं किती घेशील? मी हसलो. ते हसले नाहीत. गाडी दुर्गला पोचली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ते थट्टा करत नव्हते. माझ्या घरात त्यांना मुलगा मिळाला असता, सून मिळाली असती, पण फाटक उघडून उभं राहायला फाटक मिळालं नसतं. आणि मी ते त्यांना विकायला सांगत होतो. मला फार लाज वाटली.

बिल्डरला नाही म्हणून कळवलं आहे, कायमचं. काल रात्री घरी फोन केला. आईनं उचलला, मी म्हटलं बाबांना दे. त्यांना सांगितलं की घर विकायचं नाही, तुम्ही चालवलंत, जमलं, आता मी परत विचारणार नाही.    पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की दिवाळीत आम्ही दोघं येतो, पण वरचा मजला तर तुम्ही देऊन टाकला, आता आम्हाला खालची मागची खोली द्या, आणि भाडं किती घ्याल ते आत्ताच सांगा.

बाबा घसा साफ करून अगदी गंभीरपणे म्हणाले की नातेवाइकाला घर द्यायचं नाही असा नियम आहे, तरी ताईले विचारून कळवतो.

तेव्हा आत्या, त्यांचं पत्र येईलच. अनामत तेवढी कमी सांग. काकांना नमस्कार. माझ्यावर रागावली होतीस, ते आता उतरलं असेल तर पुढच्या पत्रात तसं लिही, म्हणजे इकडे जेवण नीट जाईल.

तुझा
भार्गव